तिसऱ्या दुकानाचे बळ

निवडणूक जवळ आली की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : 'त्या लहानशा पक्षाला मत देऊन काय उपयोग? मत फुकट जायचे!' बाजारातही हेच वाक्य थोड्या निराळ्या शब्दांत ऐकू येते. एखाद्या जुन्या, भरभराटीच्या दुकानाशेजारी कोणी नवे दुकान थाटले, की 'हा किती दिवस टिकणार?' असे म्हणून लोक मान हलवतात. दोन्ही ठिकाणी आपला हिशेब एकच असतो. जिंकला तो उरला, हरला तो संपला, असे आपण धरून चालतो. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांतील राजकारणाची काही पाने आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत वाढलेल्या एका नव्या व्यापाराची हकिकत शेजारी ठेवून वाचली, तर हा हिशेब अपुरा असल्याचे दिसते. हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाचे, आणि मागे पडलेल्या दुकानाने पुढच्या दुकानाचे वागणे बदलून टाकल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मात्र या बदलाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

हा नवा व्यापार म्हणजे संगणकावरील खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांचा. ज्या घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्या घराला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की पूर्वी खेळाची तबकडी दुकानातून विकत आणावी लागे. आता पैसे भरले की खेळ इंटरनेटवरून थेट संगणकात उतरतो. दुकान अदृश्य झाले, पण दुकानदारी काही नाहीशी झाली नाही.

एका रस्त्यावरची दोन दुकाने

राजकीय पक्ष आणि दुकान यांची तुलना आजची नव्हे. हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९२९ साली 'स्टॅबिलिटी इन कॉम्पिटिशन' नावाचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एक साधे चित्र रेखाटले आहे. एक सरळ रस्ता आहे. त्याच्या कडेने सारख्या अंतरावर गिऱ्हाइके राहतात. एकच माल विकणारी दोन दुकाने त्या रस्त्यावर आहेत आणि प्रत्येक जण जवळच्या दुकानात जातो. एक दुकान पूर्वेच्या अंगाला आणि दुसरे पश्चिमेच्या अंगाला राहिले, तर सर्वांचीच सोय होते. परंतु पूर्वेचा दुकानदार मनाशी म्हणतो, 'मी जरा मध्याकडे सरकलो तर माझ्या पाठीमागची गिऱ्हाइके जातील कोठे? ती माझीच राहतील, शिवाय पलीकडची चार मिळतील.' पश्चिमेचा दुकानदारही असाच विचार करतो. अखेर दोन्ही दुकाने मधोमध एकमेकांना खेटून उभी राहतात, आणि टोकाला राहणाऱ्यांच्या नशिबी लांबची पायपीट येते. अमेरिकेतील दोन मोठे पक्ष एकमेकांसारखे का दिसू लागतात, याचे कारणही हेच असल्याचे हॉटेलिंग यांनी त्या निबंधातच सुचवले आहे.

पुढे १९५७ साली अँथनी डाउन्स यांनी हा विचार लोकशाहीच्या संदर्भात विस्ताराने मांडला. काही लहान पक्ष निवडणूक जिंकण्यासाठी जन्मालाच येत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. रस्त्याच्या टोकाला तिसरे दुकान उघडले, की मध्याकडे सरकलेल्या मोठ्या दुकानदाराला पाठीमागच्या गिऱ्हाइकांची आठवण होते. त्याला मागे खेचणे एवढेच त्या तिसऱ्या दुकानाचे काम असते.

हरून जिंकलेले पक्ष

इतिहासात याला आधार सापडतो. अमेरिकेत कर्जाने आणि रेल्वेच्या भाड्याने गांजलेल्या शेतकऱ्यांनी पीपल्स पार्टी काढली. १८९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मते मिळाली आणि ते पडले. चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाने या शेतकऱ्यांची चांदीच्या नाण्यांची मागणी स्वतःच उचलली आणि पीपल्स पार्टी हळूहळू विरून गेली. परंतु चढत्या दराचा आयकर आणि सिनेटरांची थेट लोकांकडून निवड, या ज्या गोष्टी तिने १८९२ साली मागितल्या होत्या, त्यांचा मार्ग १९१३ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी मोकळा केला. त्याचे सारे श्रेय तिला देता येणार नाही. पण तिच्यावाचून तो इतिहास सांगताही येणार नाही.

अलीकडचे ठळक उदाहरण ब्रिटनचे आहे. युरोपीय संघातून बाहेर पडावे, या एकाच मागणीभोवती १९९३ साली 'युनायटेड किंगडम इंडिपेंडन्स पार्टी' स्थापन झाली. बरीच वर्षे तिच्याकडे थट्टेने पाहिले गेले. परंतु तिची मते वाढू लागली तशी हुजूर पक्षाच्या खासदारांची झोप उडाली. जानेवारी २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी पुढची निवडणूक जिंकल्यास या प्रश्नावर सार्वमत घेण्याचे आश्वासन दिले. २०१५ च्या निवडणुकीत या लहान पक्षाला ३८ लाखांहून अधिक, म्हणजे १२.६ टक्के मते पडली आणि ६५० पैकी जागा मिळाली फक्त १! फुकट गेलेल्या मतांचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले, सुमारे ५२ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले. मधल्या २०१७ च्या निवडणुकीत त्या पक्षाची मते २ टक्क्यांच्याही खाली घसरली होती. दुकान बंद पडले, पण त्याचा माल मोठ्या दुकानाच्या दर्शनी फळीवर जाऊन बसला होता.

डेन्मार्कची गोष्टही अशीच. परदेशांतून येणाऱ्यांवर कडक निर्बंध मागणाऱ्या डॅनिश पीपल्स पार्टीला २०१५ साली २१ टक्के मते मिळून ती दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरली. २०१९ पर्यंत तेथील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने या बाबतीत स्वतःच कठोर धोरण स्वीकारले. डॅनिश पीपल्स पार्टी ९ टक्क्यांच्या खाली आली आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेटे फ्रेडरिक्सन पंतप्रधान झाल्या. पक्ष ओसरला, धोरण राहिले.

टोकाच्या पक्षाची भाषा मोठ्या पक्षाने उचलली की तो पक्ष संपतोच, असे मात्र नाही. फ्रान्समध्ये २००७ साली निकोलस सार्कोझी यांनी नॅशनल फ्रंटचे विषय आपलेसे केले, तेव्हा त्या पक्षाचे उमेदवार ल पेन यांची मते साडेदहा टक्क्यांच्या आसपास आली. पण २०१२ मध्ये त्यांच्या कन्या मारीन यांना पहिल्या फेरीत जवळजवळ १८ टक्के मते मिळाली आणि २०२२ च्या अंतिम फेरीत ४१ टक्क्यांहून अधिक. उसना माल ठेवणाऱ्या दुकानात काही दिवस जाऊन गिऱ्हाईक पुन्हा मूळ दुकानाकडे वळले. शिवाय तिसऱ्या दुकानातला माल चांगलाच असेल, याची हमी कोणी देत नाही. आयकराची न्याय्य कल्पना ज्या वाटेने आत शिरते, त्याच वाटेने परक्याविषयीचा द्वेषही आत शिरू शकतो.

खेळांचा बाजार

आता खेळांच्या बाजाराकडे वळू. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' सुरू केले. आरंभी ते कंपनीच्या स्वतःच्या खेळांपुरते होते. २००५ पासून इतरांचेही खेळ तेथे विकले जाऊ लागले आणि पाहता पाहता संगणकावरील खेळांची ती सर्वांत मोठी पेठ झाली. २०१५ पासून भारतातील गिऱ्हाइकांना तेथे रुपयांत किंमत दिसू लागली. खेळ बनवणाऱ्याकडून विक्रीच्या ३० टक्के कमिशन घ्यायचे, हा तेथला रिवाज होता. शंभर रुपयांचा खेळ विकला गेला की तीस दुकानदाराचे आणि सत्तर करणाऱ्याचे.

या दुकानाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथे घेतलेले खेळ तेथल्याच खात्यात राहतात; बरोबर खेळणारे मित्र आणि खेळातली प्रगती यांची नोंदही तेथेच असते. दहा वर्षांत शंभर खेळ जमवलेला तरुण उद्या दुसऱ्या दुकानात जाऊ म्हणाला, तर त्याला रिकाम्या हाताने जावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाला मत देणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या चिन्हावर शिक्का मारताना जसा हात जड होतो, तसाच हा प्रकार. स्टीम सोडून २०११ साली स्वतःचे दुकान काढणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारखी बलाढ्य कंपनीही २०१९ मध्ये आपले नवे खेळ घेऊन पुन्हा तेथे आली.

तरीही धक्का बसायचा तो बसलाच. 'फोर्टनाइट' या खेळावर अमाप पैसा मिळवलेल्या एपिक गेम्स या कंपनीने ६ डिसेंबर २०१८ रोजी आपले दुकान उघडले आणि कमिशन ठेवले फक्त १२ टक्के. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, ३० नोव्हेंबर रोजी, स्टीमने आपले दर बदलल्याचे जाहीर केले होते. एका खेळाची विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली तर पुढच्या विक्रीवर २५ टक्के, ५ कोटी डॉलरच्या वर गेली तर त्यापुढे २० टक्के. इतकी वर्षे न हललेला दर हलला. परंतु हलला कोणासाठी? कोट्यवधींची विक्री करणाऱ्या बड्या कंपन्यांसाठी. दोघे-तिघे मित्र मिळून पदरमोड करून खेळ तयार करतात आणि त्याच्या काही हजार प्रती खपतात, त्यांचे ३० टक्के होते तसेच राहिले.

यात दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. हा व्यापाराचा सरळ हिशेब आहे. बड्या कंपनीला दुसरे दार उघडे होते. ती निघून गेली असती तर तिच्यामागे लाखो गिऱ्हाइके गेली असती. लहान कारागिराला स्टीम सोडून जाणे परवडणारे नव्हते, हे दुकानदाराला ठाऊक होते. सवलत दिली जाते ती जाऊ शकणाऱ्याला. ज्याला जाताच येत नाही, त्याची मनधरणी कोण करणार?

एपिकनेही हा डाव निव्वळ उदारपणाने मांडला नव्हता. गिऱ्हाईक ओढण्यासाठी खेळ फुकट वाटणे आणि काही खेळ ठरावीक मुदतीपर्यंत फक्त आपल्याच दुकानात विकणे, या दोन युक्त्या तिने योजल्या. २०१९ च्या आरंभी 'मेट्रो एक्झोडस' हा गाजलेला खेळ बाजारात येण्यास काही आठवडे उरले असताना स्टीमवरून हलवून एपिककडे नेण्यात आला, तेव्हा गिऱ्हाइके चिडली. आपल्या सोयीसाठी स्पर्धा होते म्हणतात, मग आमची वाट का अडवता, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. पुढे मायक्रोसॉफ्टनेही ऑगस्ट २०२१ पासून संगणकावरील खेळांचे कमिशन १२ टक्क्यांवर आणले आणि जून २०२५ पासून एपिकने प्रत्येक खेळाच्या वर्षातील पहिल्या १० लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर काहीच न घेण्याचे ठरवले. लहानांसाठी असे एक दार उघडले खरे; पण मोठी पेठ अद्याप स्टीमचीच आहे.

दुसरे दार आणि मोकळा आवाज

मग ज्याला दार नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचा सर्वांत मार्मिक विचार आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली आपल्या 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या छोटेखानी ग्रंथात केला आहे. दुकान, संस्था, पक्ष किंवा राज्य बिघडू लागले, की माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आत राहून आवाज उठवणे. यांपैकी तो कोणता मार्ग धरतो आणि किती काळ थांबतो, यावर निष्ठेचा परिणाम होतो. हर्शमन यांना हा विचार नायजेरियातील रेल्वे पाहून सुचला. तेथे रेल्वेला मालमोटारींची स्पर्धा होती. म्हणजे दुसरे दार उघडे होते. तरीही रेल्वे सुधारली नाही. कारण जे गिऱ्हाईक सर्वांत जास्त तक्रार करू शकले असते, तेच मोटारींकडे निघून गेले. आणि तोटा सरकारी तिजोरीतून भरून निघत असल्याने रेल्वेला त्याची झळ लागली नाही. स्पर्धा असली की सारे आपोआप सुधारते, ही समजूत या उदाहरणाने खोटी ठरते.

आवाजाचे काम काय, तेही खेळांच्या बाजारातच दिसून आले. ऑगस्ट २०२० मध्ये एपिकने ॲपल कंपनीवर तिच्या फोनवरील दुकानाच्या ३० टक्के कमिशनबद्दल दावा लावला. त्या सुमारास अमेरिकेतील कायदेमंडळही बड्या कंपन्यांची चौकशी करत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी मिळवणाऱ्यांसाठी कमिशन १५ टक्के केल्याचे जाहीर केले. गूगलनेही जुलै २०२१ पासून पहिल्या १० लाख डॉलरवर तोच दर लावला. येथे सवलत मिळाली ती लहानांना! आयफोन वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचायला कारागिराला दुसरे दुकानच नव्हते, म्हणजे दार बंदच होते. पण प्रश्न न्यायालयात, कायदेमंडळात आणि वृत्तपत्रांत चव्हाट्यावर आला होता. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ॲपच्या दुकानातील वर्तनाबद्दल ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात तो पुढे बराच कमी झाला.

पसंत न पडलेला खेळ परत करण्याची सोय घ्या. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या दुकानाने २०१३ मध्ये आपल्या काही खेळांपुरती ती दिली. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्राहक आयोगाने व्हॉल्व्हला याच प्रश्नावर न्यायालयात खेचले. जून २०१५ मध्ये स्टीमने खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत देण्याचा नियम जगभर लागू केला. शेजारचे दुकान आणि न्यायालयातली तक्रार, दोन्ही एका वेळी असली की मोठ्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचे ऐकावेसे वाटते.

आपल्या अंगणातली तीन उदाहरणे

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय परका नाही. संख्येने थोडे असलेल्या समाजाने वेगळे दुकान मांडावे की मोठ्या दुकानात आपली जागा करून घ्यावी, हा प्रश्न आपल्या प्रत्येक गावात कधी ना कधी उभा राहिला आहे.

बेळगाव-खानापुरात महाराष्ट्र एकीकरण समितीने वेगळी वाट धरली. सीमाभाग महाराष्ट्रात जावा, ही तिची एकमेव मागणी. कर्नाटक विधानसभेत २०१३ साली तिचे दोन आमदार निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. त्याच काळात राष्ट्रीय पक्षांनी मराठी भाषक उमेदवार पुढे केले. खानापुरात २०१८ साली काँग्रेसच्या आणि २०२३ साली भारतीय जनता पक्षाच्या मराठी भाषक उमेदवाराला यश मिळाले. समितीची मूळ मागणी मात्र या पक्षांच्या कर्नाटकातील शाखांपैकी कोणीही स्वीकारली नाही. मोठ्या पक्षाने लहान पक्षाकडून काय उचलले आणि काय तेथेच ठेवले, हे येथे स्वच्छ दिसते : जे स्वस्तात पडते ते उचलले, ज्याची किंमत राज्यभर मोजावी लागली असती ते ठेवून दिले.

गोव्यात नेमके उलटे घडले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याची मागणी फेटाळली गेली. पण ती मागणी करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच काही आठवड्यांनी मतदारांनी पुन्हा सत्तेवर बसवले आणि तो १९७९ पर्यंत टिकला. मागणी हरली, पक्ष जिंकला. कारण त्या पक्षाला मत देणाऱ्यांच्या मनात त्या एका मागणीखेरीज जमीन, शाळा आणि मान हेही विषय होते.

इंदूरने तिसरी वाट दाखवली. तेथे मराठी माणसाचा वेगळा पक्ष उभा राहिला नाही. सुमित्रा महाजन भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या आणि पुढे लोकसभेच्या अध्यक्षही झाल्या. आत राहून आवाज मिळवण्याची ही वाट. मात्र जो आत राहतो, त्याला साऱ्या शहराचा प्रतिनिधी म्हणून बोलावे लागते, केवळ आपल्या समाजाचा म्हणून नव्हे. ती या वाटेची किंमतही आहे आणि शोभाही.

या तिन्ही वाटांपैकी एकच योग्य, असे म्हणता येणार नाही. पण लहान पक्षाला दिलेले मत फुकट गेले की नाही, हे ठरवताना केवळ त्याच्या जागा मोजू नयेत. त्याच्या भीतीने मोठ्याने काय बदलले, तो बदल वरवरचा की मुळापासूनचा, आणि त्याचा लाभ आधीच बलवान असलेल्यांना मिळाला की ज्यांना जायला दुसरी जागा नव्हती त्यांना, हे तीन प्रश्न विचारावेत. मुलाने नव्या दुकानातला फुकटचा खेळ उतरवून घेतला, तर तेही खुशाल घेऊ द्यावे. पण तो खेळ ज्याने रात्री जागून तयार केला, त्याच्या हाती शंभरातले किती पडले, हेही त्याला एकदा शोधून पाहायला सांगावे. आपण दिलेल्या पैशाचे आणि मताचे पुढे काय होते, हे पाहण्याची सवय ज्या घराला लागली, त्या घरातले गिऱ्हाईक आणि त्या घरातला मतदार कोणालाही सहजासहजी गृहीत धरता येत नाही.